क्राऊनचे आठ बोल्ट

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकात छोट्या ट्रॅक्टरच्या अनुदानाच्या, सोडतीच्या, कृषी प्रदर्शनांच्या बातम्या येतात आणि मी त्या नेमानं वाचतो. घरी आणलेला ट्रॅक्टर पुढची दहा-पंधरा वर्षं चालता कसा ठेवायचा, यावर मात्र क्वचितच काही छापून येतं. गेल्या हंगामात आमच्यावर जे गुदरलं ते त्याच विषयाचं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी दिंडोरी तालुक्यातला द्राक्ष बागायतदार. त्याआधी सव्वीस वर्षं नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीत टूलरूममध्ये फिटर होतो. निवृत्तीनंतर वडिलोपार्जित तीन एकर बाग पुतण्याच्या जोडीनं सांभाळतो. आमच्याकडे अठरा अश्वशक्तीचा छोटा ट्रॅक्टर आहे. नऊ फुटी ओळींत मोठा ट्रॅक्टर वळवणं अवघड जातं, म्हणून आमच्या शिवारात बहुतेकांकडे असा छोटा ट्रॅक्टरच दिसेल. रोटाव्हेटर त्यालाच, फवारणीचा ब्लोअर त्यालाच, क्रेट भरलेली ट्रॉलीही त्यालाच.

फळछाटणीला पंचवीस-सव्वीस दिवस झाले होते, घड फुलोऱ्याच्या आधीच्या नाजूक अवस्थेत होते. संध्याकाळी तासभर पाऊस झाला. द्राक्षवाल्यांना सांगायला नको, असा पाऊस उघडला की डाऊनी या बुरशीच्या रोगावरची फवारणी त्याच रात्री उरकावी लागते, दुसऱ्या दिवसावर टाकून चालत नाही. नऊ वाजता सहाशे लिटरचा ब्लोअर भरला. पुतण्या ट्रॅक्टरवर, मी बॅटरी घेऊन बांधावर. अकराव्या ओळीच्या शेवटी चिखलात वळताना ‘कट्’ असा एकच आवाज आला आणि ट्रॅक्टर जागच्या जागी उभा राहिला. इंजिन सुरू, ब्लोअरचा पंखा सुरू, गिअर पडतोय, पण क्लच सोडला तरी चाक हलेना. पुतण्या म्हणाला, “नाना, क्लच गेला वाटतं.” क्लच गेला असता तर मागचा पंखाही थांबला असता. बिघाड त्याच्या पुढे, इंजिनाचा जोर मागच्या दोन चाकांत वाटणाऱ्या डिफरन्शिअलमध्ये होता.

सकाळी ड्रेन बोल्ट काढला. गिअर ऑइल काळं येतंच, पण त्यात चंदेरी झाक होती. लोहचुंबकावर चुऱ्याची दाट मिशी, आणि त्या मिशीत अडकलेलं एका बोल्टाचं डोकं. ते बोटांनी पुसून उन्हात धरलं. सहा कडांचं, वरून गुळगुळीत, त्यावर एकही अंक नाही. काय झालं असेल ते मला तिथंच कळलं.

मागची चाकं आणि अॅक्सलचं हाउसिंग उतरवलं. (हे काम करणाऱ्यांनी पुढच्या अॅक्सलला दोन्ही बाजूंनी लाकडी पाचरी मारल्याशिवाय आणि गिअरबॉक्सखाली सागाचे ठोकळे रचल्याशिवाय जॅकच्या भरवशावर आत हात घालू नये. माणूस मशिनपेक्षा मोलाचा आहे.) आत क्राऊन व्हील, म्हणजे चाकांकडे जोर पोचवणारं मोठं दातेरी चक्र, आठ बोल्टांनी डिफरन्शिअलच्या पिंजऱ्याला बांधलेलं असतं. आठपैकी पाचांची डोकी उडालेली, दोन हातानं फिरतील इतके सैल, आणि एकच जागेवर घट्ट. त्यामुळे क्राऊन एका बाजूला कलला होता आणि त्याला फिरवणाऱ्या छोट्या गिअरशी, पिनियनशी, त्याची पकड सुटली होती. त्या घट्ट बोल्टावर कारखान्याची खूण होती आणि तिच्याखाली आकडा: १०.९. बाकी सातही कोरे.

दोन वर्षांपूर्वी हाच भाग एका गॅरेजमध्ये उघडला होता. मी तेव्हा मुलीकडे गेलो होतो, पुतण्यानं काम करून आणलं. जुने बोल्ट काढताना आटे खराब झाले म्हणून सात नवे बसवले, असं त्याला सांगितलं होतं. ते साधे, गेट-खिडक्यांना लावतात तसले होते. लांबीला पाच मिलिमीटर जास्त भरत होते म्हणून प्रत्येकाखाली दोन-दोन स्प्रिंग वायसर घातले होते. मी त्या कारागिराला दोष द्यायला हे पत्र लिहीत नाही. त्याच्याकडे त्या वेळी तेच होते, आणि दुसरं काही लागतं हे त्याला कोणी कधी शिकवलंच नव्हतं.

तुटलेले तुकडे मी डिझेलमध्ये धुऊन ओट्यावर ओळीनं मांडले आणि भिंगाखाली पाहिले. तुटलेल्या तोंडाचा दोन तृतीयांश भाग गुळगुळीत होता, त्यावर शिंपल्याच्या पाठीवर असतात तशा बारीक कमानी एकामागे एक. उरलेला भाग खरखरीत, ताज्या मोडलेल्या खडीसाखरेसारखा. एकाच झटक्यात बोल्ट तुटला असता तर सगळं तोंड खरखरीत दिसलं असतं. त्या कमानी म्हणजे बोल्ट महिनोन् महिने थोडा थोडा चिरत गेल्याच्या खुणा. प्रत्येक वळणाला, प्रत्येक वेळी क्लच सोडताना चीर केसभर पुढे सरकली, आणि त्या रात्री उरलेला टवकाही तुटला. शेवटचा धक्का चिखलातला होता, पण बोल्ट मरायला लागला तो गॅरेजमधून बाहेर पडला त्या दिवसापासून.

आता मुद्द्याची गोष्ट. बोल्टाच्या डोक्यावरचा आकडा म्हणजे त्याची ताकद असते, आणि तो वाचायला सोपा आहे. पहिल्या आकड्याला शंभरानं गुणलं की तो बोल्ट दर चौरस मिलिमीटरला किती न्यूटन ताणाला तुटेल ते कळतं. ८.८ म्हणजे ८००, १०.९ म्हणजे १०००, १२.९ म्हणजे १२००. ढोबळ हिशेबात ८.८ चा बोल्ट चौरस मिलिमीटरला ऐंशी किलो पेलतो. टिंबानंतरचा आकडा सांगतो की तुटण्याच्या किती हिस्सा ताणाला तो कायमचा लांबतो. १०.९ मध्ये नऊ दशांश, म्हणजे ९००. साधा ४.६ चा बोल्ट ४०० ला तुटतो आणि २४० लाच लांबतो. भारतीय मानक आय.एस. १३६७ मध्ये हे सगळं दिलेलं आहे, आणि षट्कोनी डोक्याच्या बोल्टावर वर्गाचा, म्हणजे ८.८, १०.९ असा आकडा आणि बनवणाऱ्याची खूण असावी असंही त्यात आहे. जुन्या, इंचाच्या आट्यांच्या ट्रॅक्टरमध्ये आकड्याऐवजी डोक्यावर रेषा असतात: तीन रेषा म्हणजे ग्रेड ५, सहा रेषा म्हणजे ग्रेड ८. तिथं आणखी एक सांभाळावं लागतं. ५/१६ इंचाचा आणि ८ मिलिमीटरचा बोल्ट डोळ्यांना एकच वाटतो, पण आटे वेगळे, आणि जबरदस्तीनं एक दुसऱ्याच्या जागी घातला तर भोकाचे आटे जातात.

क्राऊनचा बोल्ट आडवा जोर पेलतो, म्हणून तो जाड असला की झालं, असं आपल्याकडे सर्रास समजतात. टूलरूममध्ये माझ्या उस्तादांनी मला पहिल्याच वर्षी याचं उलट शिकवलं होतं. आवळताना बोल्ट रबरासारखा किंचित ताणला जातो, आणि परत आखडू पाहताना दोन भागांना एकमेकांवर दाबून धरतो. क्राऊन आणि पिंजरा यांच्यामध्ये त्या दाबानं जे घर्षण तयार होतं, तेच सगळा जोर वाहून नेतं. दाब पुरेसा असेल तर बोल्टाला आडवा मार बसतच नाही. दाब कमी पडला की क्राऊन केसभर मागे-पुढे सरकायला लागतो, आणि मग प्रत्येक हिसका बोल्टाच्या मानेवर येतो. आमच्या मापाचा, १० मिलिमीटरचा बारीक आट्यांचा १०.९ बोल्ट नीट आवळला तर साडेतीन ते चार टनांचा दाब देतो. साधा ४.६ जेमतेम एक टन देतो. आठांचा हिशेब ज्यानं त्यानं करावा.

म्हणूनच साधा बोल्ट जास्त आवळून काम भागत नाही. आमच्या क्राऊनला ६५ न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे आवळायचा पीळ, लागतो. वीस सेंटिमीटर लांबीच्या सतरा नंबरच्या पान्याच्या टोकाला साधारण तेहतीस किलो जोर दिला की तेवढा भरतो. साधा बोल्ट त्याच्या निम्म्यालाही नीट पुरत नाही, पिळून लांबतो. आणि याची दुसरी बाजू मला जास्त महत्त्वाची वाटते: १०.९ चा बोल्ट आणून तो अंदाजानं, वीस-पंचवीसवर सोडला, तर तो साध्या बोल्टाइतकाच दाब देणार. पैसे चांगल्या बोल्टाचे गेले आणि ट्रॅक्टरला काहीच मिळालं नाही. हाताचा अंदाज इथं चालत नाही. आवळायला लावलेल्या जोरातला बहुतेक भाग डोक्याखालच्या आणि आट्यांमधल्या घर्षणात जातो, दहावा हिस्सा तेवढा ताण बनतो. आट्यांना तेल आहे की गंज, यावरही तो बदलतो. म्हणून आटे स्वच्छ हवेत आणि पुस्तकात कोरडे म्हटलंय की तेल लावून, तेही पाहावं लागतं.

मग टॉर्क किती, हे कुठं पाहायचं? ट्रॅक्टरबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत ऑइल, हवा, बेल्ट एवढंच होतं. आतल्या बोल्टांचा तक्ता सर्व्हिसच्या इंग्रजी पुस्तकात, आणि ते पुस्तक विक्रेत्याच्या वर्कशॉपमध्ये. मी तिथं जाऊन विनंती केल्यावर एका तरुण मुलानं ते पान दाखवलं, मी वहीत उतरवून घेतलं. माझं टूलरूममधलं आयुष्य गेलं म्हणून मला काय विचारायचं ते ठाऊक होतं. ज्याला ठाऊक नाही त्यानं काय करायचं?

दुरुस्ती अशी केली. उडालेल्या डोक्यांचे दांडे पिंजऱ्यात अडकले होते. दोन चिमट्यानं निघाले, तिघांना मधोमध पंच मारून उलट्या फिरणाऱ्या ड्रिलनं भोक पाडावं लागलं, त्यातला एक ड्रिल फिरताना आपोआप उलटा सुटून वर आला. आट्यांतून टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवला, चुरा हवेनं उडवला, थिनरनं धुतलं. एक उडालेलं डोकं दातांमध्ये सापडल्यामुळे क्राऊनचे दोन दात चिरले होते, त्यामुळे क्राऊन आणि पिनियन दोन्ही बदलावे लागले. ते जोडीनंच घासून जुळवलेले असतात, एक नवा आणि एक जुना बसवला तर आवाज करतात आणि लवकर जातात. जोडीला अकरा हजार चारशे रुपये पडले. नव्या जोडीला डायल लावून दातांमधली फट पुस्तकातल्या मापात आणली, ठसा उमटवणारा निळा रंग लावून दातांवरचा ठसा पाहिला. ठसा दाताच्या टोकाकडे सरकत होता, शिम, म्हणजे पातळ पत्र्याची चकती, एक वाढवल्यावर मधोमध आला. या कामात माझा एक पूर्ण दिवस गेला आणि तो मला सगळ्यात आवडला.

बोल्ट मी नाशिकच्या बाजारातून स्वतः निवडून आणले. दुकानदारानं आधी स्टेनलेस दाखवले, “काका, हे कधी गंजत नाहीत.” स्टेनलेस दिसायला देखणा, पण नेहमी मिळणारा ए२-७० हा ७०० ला तुटतो आणि ४५० लाच लांबतो. गिअर ऑइलमध्ये बुडालेल्या बोल्टाला गंजाची भीती नसते, ताकदीची असते. मग त्यानं १२.९ चे काळे अॅलन बोल्ट काढले. ते जास्त ताकदीचे खरे, पण मी घेतले नाहीत. पुस्तकात १०.९ सांगितलेत. १२.९ चं पोलाद जास्त कडक, ओरखड्याला आणि चिरेला जास्त हळवं. त्यावर कोणी जस्ताचा मुलामा चढवून विकत असेल तर तो मुळीच घेऊ नये, मुलामा चढवताना हायड्रोजन आत शिरतो आणि आवळून ठेवलेला बोल्ट एखाद्या रात्री उभ्या ट्रॅक्टरमध्येच टचकन तुटतो. ‘चांगला बोल्ट’ म्हणजे सगळ्यात मोठ्या आकड्याचा, असा समज कुणी करून घेऊ नये. जागेला नेमून दिलेला, बनवणाऱ्याची खूण असलेला, अचूक लांबीचा, तो चांगला. लांबी पाहताना हेही पाहावं की बोल्टाचा गुळगुळीत दांडा दोन भागांच्या सांध्यातून आरपार जातो आणि आटे त्याच्या पुढे सुरू होतात. सांध्यावर आटे आले की चीर तिथूनच सुरू होते. भोकाच्या बुडाला टेकणारा लांब बोल्ट तर सगळ्यात फसवा: हाताला घट्ट लागतो, दाबत काहीच नाही.

असे आठ बोल्ट, बावीस रुपयांना एक, आणि आठ कडक सपाट वायसर. स्प्रिंग वायसर एकही ठेवला नाही. एवढ्या ताणाखाली ते चपटे होऊन पडतात, सुटणं थांबवत नाहीत. त्याऐवजी कोरड्या आट्यांवर थ्रेडलॉकरचा, म्हणजे आटे धरून ठेवणाऱ्या डिंकाचा, एकेक थेंब. आधी सगळे हातानं बसवले, मग समोरासमोरचे असे तीन फेऱ्यांत: २५, ४५, आणि शेवटी ६५. टॉर्क रेंच जुन्या सहकाऱ्याकडून उसना आणला होता, नंतर अडीच हजारांत स्वतःचा घेतला. शेवटच्या ‘टक्’नंतर प्रत्येक डोक्यावरून क्राऊनपर्यंत पांढऱ्या रंगाची एक रेघ मारली. पुढे कधी उघडलं आणि रेघ तुटलेली दिसली तर बोल्ट फिरलाय हे लगेच कळेल.

या सगळ्यात ट्रॅक्टर सहा दिवस उभा होता. शेजाऱ्यांचे ब्लोअर त्यांच्याच बागांत अडकले होते, आमच्या वाट्याला एक तिसऱ्या दिवशी आला. तोवर खालच्या पाऊण एकरात घडांवर डाऊनी चढली होती. ते घड आम्ही दोघांनी कात्रीनं काढून टाकले. बाजरीच्या दाण्याएवढे मणीही अजून झाले नव्हते. वर्षभर पोरासारखी जपलेली वेल, आणि आपल्याच हातानं तिचे घड मातीत टाकायचे. एकशे शहात्तर रुपयांचे बोल्ट दोन वर्षांपूर्वी लागले असते तर ही वेळ आली नसती, हे मनातून जात नाही.

जिवाचाही प्रश्न आहे. आम्ही बरेच जण पाटाच्या चढावर ट्रॅक्टर गिअरमध्ये टाकून उतरतो. क्राऊनचे बोल्ट तुटून अशी पकड सुटली तर गिअरचा आणि चाकांचा संबंधच उरत नाही, मागे सहाशे लिटरचं ओझं घेऊन तो उतारानं निघतो. आमचा सपाटीवर थांबला हे नशीब. हँडब्रेक ओढल्याशिवाय आणि चाकाला दगड लावल्याशिवाय कुणीही उतारावर ट्रॅक्टर सोडू नये.

शेजारच्या मळ्यातल्या ताई पती गेल्यापासून स्वतः ट्रॅक्टर चालवतात. ओट्यावर मांडलेले बोल्ट त्यांनी पाहिले आणि म्हणाल्या, “नाना, मला काय कळणार बोल्टातलं? मिस्त्री बसवतील ते खरं.” मी त्यांच्या हातात दोन डोकी दिली, एक कोरं आणि एक १०.९ चं, आणि पाच मिनिटं समजावलं. परवा त्यांच्या ट्रॅक्टरचं चाकाचं हब उघडलं होतं. त्यांनी मिस्त्रीला विचारलं, “आकडा किती आहे यावर?” त्यानं निमूटपणे बोल्टांचा डबा बदलला. एवढं पाच मिनिटांत होतं.

म्हणून माझं मागणं आहे, आणि ते आपल्या दैनिकामार्फत कृषी विभागापर्यंत आणि ट्रॅक्टर बनवणाऱ्या सगळ्याच कंपन्यांपर्यंत जावं ही विनंती. कृषी यांत्रिकीकरण उपअभियान २०१४-१५ पासून सुरू आहे, त्यातून सरकारी पैसा यंत्रांवर खर्च होतो. ट्रॅक्टरच्या चाचणीसाठी मध्य प्रदेशात बुदनीला केंद्र सरकारची संस्था आहे. यंत्र विकण्याआधी इतकं पाहिलं जातं, तर विकल्यावर प्रत्येक ट्रॅक्टरबरोबर मराठीत एक पानाचा तक्ता द्यायला काय हरकत आहे? कोणत्या जागी कोणत्या वर्गाचा, किती लांबीचा बोल्ट, आणि किती टॉर्क. एवढंच. दुरुस्तीच्या बिलावर ‘बोल्ट ७ नग’ असं न लिहिता वर्ग लिहावा, म्हणजे गिऱ्हाइकाला विचारता येईल आणि कारागिरालाही संरक्षण राहील. गावोगावच्या अवजारे बँकांत आणि शेतकरी उत्पादक कंपन्यांत नांगर-पेरणी यंत्रांच्या शेजारी एक टॉर्क रेंच भाड्यानं मिळावा, तो दरवर्षी तपासून घेतलेला असावा. बोल्टांवरची खूण खोटी निघाली तर काय करायचं हेही ठरायला हवं. अमेरिकेत १९८० च्या दशकात ग्रेड ८ च्या खुणेखाली हलक्या प्रतीचे बोल्ट विकले गेल्याचं उघड झालं, तेव्हा तिथं १९९० मध्ये बोल्टांच्या गुणवत्तेसाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. आपल्याकडे निदान सुटा, बिनखुणेचा बोल्ट ‘हायटेन्शन’ (जास्त ताकदीचा) म्हणून विकणाऱ्याला जाब विचारायची सोय असावी.

आमच्या तालुक्यातून आयटीआयला ट्रॅक्टर मेकॅनिकचा अभ्यास करायला मुलं जातात. हुशार मुलं आहेत, हातात कसब आहे. चिरत गेलेल्या बोल्टाचं तोंड कसं दिसतं हे पुस्तकातल्या चित्रापेक्षा हातात धरून जास्त समजतं. मी ते सातही बोल्ट आणि त्यांच्या जोडीला उरलेला तो आठवा, १०.९ चा, तेल लावून काचेच्या बरणीत ठेवले आहेत. कुठल्याही आयटीआयच्या शिक्षकांना मुलांना दाखवायला हवे असतील तर आपल्या कार्यालयामार्फत निरोप द्यावा. खरड छाटणी उरकली की मी भिंगासकट स्वतः घेऊन येईन.

आपला,
एक द्राक्ष बागायतदार व निवृत्त फिटर
ता. दिंडोरी, जि. नाशिक